बारा आण्यांचा मसाला

हॉलिवूडमध्ये नायकाचं वय वाढलं की सिनेमाचा खर्च वाढतो. हा नियम इतका पक्का आहे की शाळेच्या गणितात त्रैराशिकाच्या धड्यात घालायला हरकत नाही. हॅरिसन फोर्ड ३८ वर्षांचा असताना, म्हणजे १९८१ साली, ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ सुमारे २ कोटी डॉलरमध्ये उरकला. तोच फोर्ड, तीच टोपी, तोच चाबूक, फक्त वय ८०. तेव्हा २०२३ सालच्या ‘इंडियाना जोन्स अँड द डायल ऑफ डेस्टिनी’ला जवळपास ३० कोटी डॉलर लागले. महागाई वाढली हे कबूल. पण ती धरूनही १९८१ च्या २ कोटींचे २०२३ मध्ये फार तर पावणेसात कोटी होतात. उरलेले सव्वातेवीस कोटी कुठे गेले? टोपी तर जुनीच होती.

३० कोटी डॉलर म्हणजे त्या वेळच्या दराने चोवीसशे कोटी रुपये. आपलं मंगळयान ४५० कोटींत झालं. म्हणजे या एका सिनेमाच्या पैशात पाच मंगळयानं सोडून वर दीडशे कोटी उरले असते, त्यात पाचही यानांचा सत्कार समारंभ धडाक्यात करता आला असता. शिवाय मंगळयान पहिल्या फटक्यात मंगळाच्या कक्षेत पोहोचलं. इंडियाना जोन्सला पाचव्या खेपेला नफ्याच्या कक्षेतही शिरता आलं नाही.

आता हा पैसा गेला कुठे, ते बघू. सिनेमाची पहिली पंचवीसेक मिनिटं १९४४ सालात घडतात. तेव्हाचा इंडियाना जोन्स तरुण हवा. ऐंशी वर्षांच्या माणसाला तरुण दाखवायचं तर आपल्याकडे विग आणि कलप एवढ्यात काम भागतं. तिकडे ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ या कंपनीने लुकासफिल्मच्या संग्रहातलं जुनं चित्रण उपसून काढलं, त्यातले तरुण फोर्डचे चेहरे संगणकाला दाखवले आणि आजच्या फोर्डच्या धडावर तो चेहरा एकेका फ्रेममध्ये बसवला. काम अप्रतिम आहे, शंकाच नाही. चेहऱ्यावर एक सुरकुती शोधून सापडत नाही. मात्र तो पस्तिशीतला चेहरा तोंड उघडतो आणि आतून आजोबा बोलतात. आवाजाला कलप लावायचं तंत्र बहुधा पुढच्या बजेटमध्ये असावं.

बरं, चेहरा आणि आवाज जमवले तरी अंग राहतंच. मार्टिन स्कॉर्सेसीच्या ‘द आयरिशमन’मध्ये २०१९ साली हाच प्रयोग झाला. रॉबर्ट डी नीरो तेव्हा सत्तरीच्या मध्यावर होता. संगणकाने त्याची कितीतरी वर्षं पुसली. मग एक प्रसंग येतो. एका वाण्याने याच्या पोरीला ढकललेलं असतं. हा ऐन उमेदीतला गुंड त्या वाण्याला दुकानातून फरफटत बाहेर काढतो, फुटपाथवर पाडतो आणि लाथा घालू लागतो. प्रसंग अंगावर काटा आणणारा आहे, पण आपली नजर त्याच्या पायांकडे जाते. लाथ मारताना तो समोरच्याच्या बरगड्यांपेक्षा स्वतःच्या तोलाची जास्त काळजी घेतो आहे. चेहरा मारामारीत आहे आणि गुडघे डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार वागताहेत. संगणकाला सुरकुत्या दिसतात, संधिवात दिसत नाही.

‘डायल ऑफ डेस्टिनी’च्या वेळी तर मारामारीच्या तालमीतच फोर्डचा खांदा दुखावला आणि त्याच्या प्रसंगांचं चित्रीकरण लांबणीवर पडलं. निर्मितीत एक दिवस थांबणं म्हणजे शेकडो माणसांचा भत्ता चालू आणि काम बंद. चाबूक उचलणाऱ्या खांद्याचं बिल असं तिकिटाच्या दरात येतं.

गंमत अशी, की याच माणसाच्या आजारपणाने एकेकाळी सिनेमाचा खर्च वाचवला होता. ‘रेडर्स’चं चित्रीकरण ट्युनिशियात चालू होतं. कैरोच्या बाजाराचा प्रसंग. काळ्या कपड्यातला एक धिप्पाड तलवारबाज गर्दीतून पुढे येतो आणि तलवार गरागरा फिरवून दाखवतो. त्याच्यापुढे चाबूकवाला इंडियाना जोन्स. दोघांची लांबलचक झुंज ठरलेली होती. त्यासाठी बराच वेळ राखून ठेवलेला. पण फोर्डचं पोट बिघडलेलं. साधंसुधं नाही, हगवण. ज्याला दर थोड्या वेळाने व्हॅनकडे धावायचं आहे त्याने तलवारीशी किती वेळ झुंजावं? तेव्हा ठरलं, की याने कंटाळलेल्या चेहऱ्याने पिस्तूल काढायचं, गोळी घालायची आणि पुढे निघायचं. साऱ्या मालिकेतला सगळ्यात मोठा हशा या एका गोळीला मिळाला. लेखक, दिग्दर्शक, निर्माते यांच्या बैठकांतून जे निघालं नाही, ते बिघडलेल्या पोटाने दिलं. सिनेमा ठरलेल्या वेळेआधी पुरा झाला.

त्याच्या आधी १९७५ साली ‘रेडर्स’चाच दिग्दर्शक स्पीलबर्ग याचा ‘जॉज’ आला. त्यातला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात उतरला की बंद पडायचा. स्पीलबर्गच्या वकिलाच्या नावावरून त्याला ‘ब्रूस’ म्हणत. हा ब्रूस कामावर येईना, म्हणून दिग्दर्शकाने शार्क दाखवायचंच कमी केलं. नुसतं पाणी, नुसतं संगीत आणि पोहणाऱ्या माणसांचे पाय. जग घाबरून किनाऱ्यावर बसलं. ब्रूस रोज वेळेवर कामाला आला असता, तर कदाचित लोक त्याला हसले असते.

पुढे या ‘जॉज’चीही मालिका झाली. १९८७ साली चौथा भाग निघाला. त्यात शार्क एका कुटुंबावर डूख धरून अमेरिकेच्या किनाऱ्यावरून बहामापर्यंत पाठलाग करतो. भाऊबंदकीतसुद्धा इतकी चिकाटी बघायला मिळत नाही. मायकेल केनला त्याच सुमारास ऑस्कर मिळालं, पण घ्यायला जाता आलं नाही, कारण तो या शार्कसोबत चित्रीकरणात अडकला होता. या सिनेमाबद्दल त्याने पुढे सांगितलं, की तो मी पाहिलेला नाही, भयंकर आहे असं ऐकतो. पण त्या पैशांतून बांधलेलं घर मात्र पाहिलं आहे, ते झकास आहे. मालिका-सिनेमांचं अर्थशास्त्र याहून थोडक्यात कुणी सांगितलेलं नाही. पहिला भाग प्रेक्षकांसाठी असतो, चौथा वास्तुशांतीसाठी.

इंडियाना जोन्सच्या दुसऱ्या भागाशी तर आपलं घरचं नातं आहे. १९८४ चा ‘टेंपल ऑफ डूम’ घडतो भारतात. आपल्या सरकारने पटकथा वाचून बदल सुचवले, मंडळींना ते मानवेनात, म्हणून सगळा लवाजमा श्रीलंकेत कँडीला गेला. त्यामुळे पडद्यावरच्या भारतीय खेड्यातले लोक सिंहली बोलतात. राजवाड्यातल्या पंगतीत तर सापाच्या पोटातून जिवंत पिल्लं, डोळे तरंगणारं सूप आणि शेवटी माकडाचा थंडगार मेंदू वाढला आहे. वरणभाताची मूद कुठे दिसत नाही. या सगळ्यावर कडी म्हणजे डोक्याचा गोटा करून आलेला खलनायक मोलाराम, आपले अमरीश पुरी. पुरींनी वीसेक वर्षं कर्मचारी राज्य विमा महामंडळात नोकरी केली आणि मुंबईत सत्यदेव दुबेंकडे नाटकं केली. विमा महामंडळातला माणूस सरळ लोकांच्या छातीत हात घालून काळीज बाहेर काढतो, हे पाहून ज्यांनी कधी विम्याच्या दाव्यासाठी खेटे घातले आहेत त्यांना आश्चर्य वाटायचं कारण नाही. सिनेमावर भारतात काही काळ बंदी आली. खर्च होता २ कोटी ८० लाख डॉलर, गल्ला ३३ कोटींचा. मोलारामच्या चेहऱ्यावर संगणकाने काही केलेलं नव्हतं. तिथे वस्तराच पुरला.

आता गल्ल्याचा विषय निघालाच आहे, तर हिशेब मांडू. ‘डायल ऑफ डेस्टिनी’ने जगभर ३८ कोटी ४० लाख डॉलर जमवले. तीस खर्च, अडतीस जमा, म्हणजे आठ कोटी फायदा, असं एखाद्याला वाटेल. असं ज्याला वाटतं त्याला हॉलिवूडमध्ये नोकरी मिळत नाही. त्या अडतीसमधले साधारण निम्मे थिएटरवाले ठेवून घेतात. चीनमधल्या गल्ल्यातून तर परदेशी स्टुडिओच्या हातावर पावलीच पडते, रुपयात चार आणे. जाहिरातीचा खर्च आणखी वेगळा, तो त्या तीस कोटींत धरलेला नसतो. म्हणून धंद्यातला ठोकताळा असा, की खर्चाच्या अडीच पट गल्ला जमला तर घरी सुखाने जेवावं. ‘रेडर्स’ने पुन्हा पुन्हा लागून सुमारे ३९ कोटी मिळवले होते, तेही तिकीट आजच्या पाव किमतीला असताना. म्हणजे चार दशकांनी, पंधरा पट पैसे ओतून, गल्ला पहिल्यापेक्षा अर्धा कोटी कमीच. चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला, आणि पाहुणे म्हणतात आम्ही जेवून आलोय.

अर्थात, सिनेमा चालला म्हणून तो फायद्यात गेलाच, असंही तिकडे नाही. ‘हॅरी पॉटर अँड द ऑर्डर ऑफ द फिनिक्स’ने ९४ कोटी डॉलरच्या घरात गल्ला केला. पुढे २०१० साली त्याच्या हिशेबाचा कागद फुटला, त्यात १६ कोटी ७० लाखांचा तोटा! जादू शिकवणाऱ्या शाळेवरचा सिनेमा असल्याने पैसे गायब होणं विषयाला धरून आहे. पण युक्ती साधी असते. स्टुडिओ प्रत्येक सिनेमासाठी एक कागदावरची कंपनी काढतो. मग स्टुडिओची वितरण शाखा त्या कंपनीकडून वितरणाची दलाली घेते, स्टुडिओच तिला जाहिरातीचं बिल लावतो आणि स्टुडिओच तिला दिलेल्या पैशावर व्याज चढवतो. एका खिशाने दुसऱ्या खिशाला कर्ज द्यायचं आणि व्याज थकलं म्हणून गळा काढायचा. निव्वळ नफ्यात वाटा मिळेल या करारावर सही करणारे लेखक मग आयुष्यभर त्या नफ्याची वाट पाहतात. एडी मर्फीने असल्या वाट्याला ‘माकडांचे पॉइंट’ अशा अर्थाचं नावच ठेवलं होतं.

स्टुडिओ खर्चाचे खरे आकडे सहसा सांगत नाहीत. त्यांना उघडं पाडलं ते ब्रिटनच्या करसवलतीने. तिथे सवलत हवी तर सिनेमासाठी स्वतंत्र कंपनी हवी आणि त्या कंपनीचा जमाखर्च सरकारदरबारी दाखल हवा, कुणीही बघावा असा. मग कंपनीचं नाव तरी कुणाला कळू नये म्हणून धडपड. ‘स्टार वॉर्स: द फोर्स अवेकन्स’च्या कंपनीचं नाव होतं ‘फूडल्स प्रॉडक्शन’. नाव वाचून वाटावं, शेवया आणि कुरडयांचा गृहउद्योग असेल. त्या शेवयांचा खर्च सवलत वजा जाऊन चाळीस कोटी डॉलरच्या वर निघाला.

खर्चातला मोठा वाटा मानपानाचा असतो. लग्नात वरपक्षाकडच्या आत्याला कोणत्या दर्जाचं लुगडं दिलं यावर जसं सगळं कार्य अडतं, तसं इथे कुणी कुणाला किती ठोसे मारले यावर अडतं. ‘फास्ट अँड फ्युरियस’मधले तिन्ही टकले वीर, विन डिझेल, ड्वेन जॉन्सन आणि जेसन स्टॅथम, पडद्यावर आपण कमी मार खाल्ला असं दिसू नये याची फार काळजी घेतात, अशी बातमी २०१९ साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने दिली होती. तिच्यात असंही होतं, की डिझेलला किती ठोसे बसले यावर निर्मितीत असलेली त्याची बहीण लक्ष ठेवते. घरोघरी बहिणी हे काम करतातच, पण त्याचे पैसे मिळत नाहीत.

या मालिकेचा प्रवास अभ्यासण्यासारखा आहे. २००१ सालच्या पहिल्या भागात ही मंडळी चालत्या ट्रकमधून डीव्हीडी प्लेअर चोरत होती. खर्च ३ कोटी ८० लाख. दहावा भाग २०२३ मध्ये आला तोवर खर्च ३४ कोटींवर गेला होता आणि चोरण्यासारखा डीव्हीडी प्लेअर जगात कुणाकडे उरला नव्हता. मधे नवव्या भागात दोघे जण जुन्या मोटारीला रॉकेट बांधून अंतराळात जाऊन आले. चाळिशी उलटली की माणसं गुडघ्याला पट्टा बांधतात, यांनी गाडीला रॉकेट बांधलं.

खर्चाचा आणखी एक मासला म्हणजे हेन्री कॅव्हिलची मिशी. २०१७ साली ‘जस्टिस लीग’चे काही प्रसंग पुन्हा चित्रित करायचे ठरले. सुपरमॅन तो. सुपरमॅन सफाचट. पण तोपर्यंत कॅव्हिलने दुसऱ्या स्टुडिओच्या ‘मिशन इम्पॉसिबल’साठी भरदार मिशी राखली होती आणि त्या स्टुडिओने ती काढायला साफ नकार दिला. कंपन्यांमध्ये मिशीवरून वाटाघाटी झाल्या. शेवटी मिशीसकट चित्रीकरण झालं आणि नंतर ती संगणकाने काढली. परिणामी सुपरमॅनचा वरचा ओठ नुकताच दात काढून आलेल्या माणसासारखा बधिर दिसतो. जे काम कुठल्याही गावात पारावरचा न्हावी दोन मिनिटांत करतो, त्यासाठी जगातले उत्तमोत्तम तंत्रज्ञ राबले. करारात मात्र मिशीचा पीळ कायम राहिला.

आता स्टुडिओतली माणसं काही खुळी नाहीत. मग ती जुन्याच नावावर एवढे पैसे का लावतात? कारण नव्या गोष्टीचा नायक कोण, कुठला, हे लोकांना सांगण्यातच निम्मी जाहिरात संपते. जुन्या नावाला ओळख लागत नाही. दुसरं कारण नोकरीचं. नव्या कथेवर पैसे बुडाले तर ‘हिला मंजुरी कुणी दिली’ अशी विचारणा होते. जुन्या नावावर बुडाले तर प्रेक्षकांची अभिरुची बदलली असं निवेदन निघतं. आणि एकदा मालिका गाजली की तिला ‘पैसे नाहीत’ हे सांगायची कुणाची हिंमत राहत नाही. हेच तिचं खरं म्हातारपण. नायकाच्या सुरकुत्यांचं एवढं नाही. ज्या दिवशी दिग्दर्शकाला मागेल ते मिळायला लागतं, त्या दिवसापासून त्याला काही सुचायची गरज उरत नाही. आज फोर्डचं पोट बिघडलं, तर झुंज रद्द होणार नाही, संगणकावर दुसरा फोर्ड तयार करून घेतील आणि ती झुंज चांगली दहा मिनिटं चालवतील.

यात आपलं, म्हणजे प्रेक्षकांचं, अंग नाही असं समजू नका. २००८ साली इंडियाना जोन्सचा चौथा भाग आला. त्यात अणुबॉम्बची चाचणी होते आणि हा गडी शिशाच्या अस्तराच्या फ्रिजमध्ये शिरून वाचतो. फ्रिज मैलोगणती उडून आदळतो, दार उघडतं, आतून हा धूळ झटकत बाहेर. साऱ्या जगाने नाकं मुरडली. आणि साऱ्या जगाने तिकिटं काढून मुरडली, कारण गल्ला झाला ७९ कोटींचा. पाचवा भाग निघाला तो याच भरवशावर. ‘फ्युरियस ७’ने २०१५ मध्ये आपल्या देशात निव्वळ शंभर कोटी रुपये ओलांडले. तोवर हॉलिवूडच्या कुठल्याच सिनेमाला इथे ते जमलेलं नव्हतं. आपण ‘आता तेच तेच दाखवतात’ अशी कुरकुर करत पॉपकॉर्नच्या रांगेत उभे राहतो. स्टुडिओला कुरकुर ऐकू येत नाही, रांग दिसते.

म्हाताऱ्या मालिकेला स्वस्तात जगता येतच नाही, असंही नाही. गॉडझिलाचा जन्म १९५४ चा. त्या वेळी बाहुली फ्रेमागणिक थोडी थोडी हलवत ‘किंग काँग’सारखा राक्षस करायचा विचार होता, पण तसं केलं तर सात वर्षं लागतील असा हिशेब निघाला. मग एका माणसाला जड रबरी पोशाखात घातलं आणि खेळण्यातल्या तोक्योवर सोडलं. जवळपास सत्तर वर्षांनी, २०२३ मध्ये, ताकाशी यामाझाकी यांनी ‘गॉडझिला मायनस वन’ दीड कोटी डॉलरहून कमी पैशात केला. दिग्दर्शकच दृश्य-परिणामांचा प्रमुख, हाताशी ३५ माणसं आणि ६१० शॉट. मधे बैठका घ्यायला साहेब नाहीत. जे जमणार नव्हतं ते लिहिलंच नाही, आणि उरलेली जागा युद्धातून परतलेल्या एका शरमिंद्या माणसाच्या गोष्टीने भरली. दृश्य-परिणामांचं ऑस्कर त्या सिनेमाला मिळालं. त्या वर्षीच्या स्पर्धेत टॉम क्रूझचा ‘मिशन इम्पॉसिबल’ही होता, खर्च २९ कोटी. पस्तीस जण गॉडझिलाच्या बाहुल्या हातात धरून मंचावर आले आणि गेले, असं नाही. आले चौघेच. पण हॉलिवूडच्या हिशेबनिसांनी त्या रात्री घरी जाऊन काय केलं असेल, हा प्रश्न मनात येतोच.

त्यांनी काय केलं, ते २०२५ मध्ये कळलं. हॅरिसन फोर्ड ८२ वर्षांचा झाला होता. ‘कॅप्टन अमेरिका: ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये त्याला अमेरिकेचा अध्यक्ष केला आणि रागावला की तो फुगून लालबुंद राक्षस होतो, असं दाखवलं. तरुण करायची भानगडच नको, सरळ माणूसपणच काढून टाकलं. अंगावर संगणकाचे ठिपके लावून असली भूमिका करायला काय लागतं, असं फोर्डला एका मुलाखतीत विचारलं होतं. त्याच्या उत्तराचा मथितार्थ असा, की काही वाटून घ्यायचं नाही आणि पैशासाठी मूर्खपणा करायचा, तो मी यापूर्वीही केलेला आहे. हॉलिवूडच्या एवढ्या वह्या, एवढ्या कागदी कंपन्या आणि एवढे हिशेबनीस, पण लेखापरीक्षणात टिकेल अशी नोंद तेवढी ही एकच.